धरणाखालचा भाडेकरू

१

धरण फुटलं अशी बतावणी करायची, भोंगा वाजवायचा आणि धरणाखाली राहणाऱ्या माणसांना घरातून काढून टेकडीवर न्यायचं, असा त्या सकाळचा सराव होता. धरणाखाली राहणारी माणसं म्हणजे एकच, पर्सी डून. बाकी सगळी कुरणं, मेंढ्या आणि काटेरी झुडपं. आमचं टारवेल गाव डोंगराच्या पलीकडच्या खोऱ्यात आहे. त्यामुळे धरणाचं पाणी आम्ही प्यायचं आणि धरण फुटलं तर बुडायचं मात्र दुसऱ्याच कुणीतरी, अशी सोय आमच्या वाडवडिलांनी करून ठेवली आहे.

गावात पोलीस म्हणून मी एकटीच, नेरिडा टफिन. टास्मानियाच्या नकाशावर टारवेल शोधायला भिंग लागतं, तेव्हा माझं ठाणं म्हणजे एक खोली, एक गाडी आणि हरवलेल्या कुत्र्यांच्या तक्रारी. त्या दिवशी मी, शहरातून आलेला इंजिनियर लोरिमर आणि धरणाचा राखणदार आल्फ टिलयार्ड असे तिघे पर्सीच्या फाटकाशी उभे होतो. भोंगा वाजून थांबला. कोणी बाहेर आलं नाही. मी हाक मारली. लोरिमरने मारली. आल्फने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

दार नुसतं लोटलेलं होतं. चुलीत निखारे होते. टेबलावर अर्धा प्यालेला चहा, बशीत पाव आणि थंड मटणाचा तुकडा. चुलीवरची किटली अजून कोमट होती. खाट नीट आवरलेली. पायरीवर बूट, आमच्याकडे सगळे ठेवतात तसे खुंट्यांवर उलटे, म्हणजे आत कोळी शिरत नाहीत. मागच्या दोरीवर निळा सदरा वाळत होता. सगळं होतं, माणूस तेवढा नव्हता.

"बूट इथे आहेत," लोरिमर म्हणाला. "मग या थंडीत हा अनवाणी गेला कुठे?"

दुपारपर्यंत अर्धं गाव कुरणात उतरलं. गुत्तेवाली डॉट सगळ्यांना पर्सीचं वर्णन सांगत होती: उंच, जरासा वाकलेला, कमी बोलणारा. ज्याने त्याने आपापली भर घातली. संध्याकाळ व्हायच्या आत शोधणाऱ्यांपैकी एकाने मला बाजूला बोलावलं आणि कुरणाचा मालक क्लाईव्ह बोडन याच्या पिकअपकडे बोट दाखवलं. मागच्या फळीवर रक्त होतं, आणि कोणीतरी ते घाईघाईने धुतलेलं होतं.

२

क्लाईव्हला विचारायच्या आधी मला एक गोष्ट नीट समजून घ्यायची होती. या पर्सीमुळे कुणाचं काय अडलं होतं? म्हणून दुसऱ्या दिवशी मी लोरिमरला गाठलं. तो धरणाच्या माथ्यावर उभा राहून सांडव्याकडे बघत होता. जलाशय खूप खाली गेला होता. पावसाळी थंडीच्या दिवसांत, तळं काठोकाठ भरायचं त्या दिवसांत, काठाने चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडला होता आणि पार मधे एका घराचं विटांचं धुराडं पाण्याबाहेर आलं होतं. तळ्याखाली पूर्वी अप्पर टारवेल नावाची वस्ती होती. गावातली म्हातारी माणसं हल्ली तिथे गाड्या लावून नुसती बसून राहत. मीही एकदोनदा बसले होते. माझं तिथे कोणी नव्हतं, तरी बघवत नव्हतं आणि उठवतही नव्हतं.

लोरिमर बोलायला चांगला होता. त्याने मला माथ्यावरून पायथ्याशी नेलं. मातीचं धरण, पोटात चिकणमातीची भिंत, पाण्याच्या अंगाला लाटा अडवायला दगड, बाजूला जास्तीचं पाणी सोडायला सांडवा. आमचा सांडवा अरुंद आहे, मोठा पूर आला तर पुरणार नाही, असं त्याने सांगितलं.

मी म्हटलं, मग इतकी वर्षं कोणी बोललं का नाही?

"कारण धोक्याची प्रतवारी धरणाकडे बघून ठरत नाही," तो म्हणाला. "धरणाखाली बघून ठरते. धरण कितीही पक्कं असो, खाली घर असेल तर प्रत वरची. धरण कसंही असो, खाली रान असेल तर प्रत खालची. फुटलं तर कोण जाईल, एवढाच प्रश्न."

"आणि इथे पर्सी जाईल."

"इथे कोणीच नव्हतं. मग मी शरद ऋतूत पाहणीला आलो तर बोडनच्या इथल्या रिकाम्या घरातून धूर. पत्रपेटीवर रंगवलेलं नाव, पायरीवर बूट, दोरीवर कपडे. दोनदा दार ठोठावलं, माणूस बाहेर गेलेला. गावात विचारलं तर सगळे हो म्हणाले. एक जीव खाली आला, की आमच्या लेखी सगळंच बदलतं. सांडवा रुंद होईपर्यंत तळं खाली ठेवा, असं मला लिहावंच लागलं."

आम्ही पायथ्याशी पोचलो होतो. तिथे जाळीचं कुंपण होतं, त्याला कुलूप. आत सिमेंटची छोटी पन्हळ होती आणि पत्र्याच्या खाचेतून पाण्याची बारीक धार पडत होती. प्रत्येक मातीचं धरण थोडं पाझरतंच, लोरिमर म्हणाला. राखणदार रोज सकाळी येऊन ती धार बघतो. पाझर गढूळ झाला तर आतून माती वाहू लागली असं समजायचं आणि पळायचं. आमचा पाझर आरशासारखा होता. आमच्या ओढ्याचं, तळ्याचं, सगळंच पाणी रानातल्या पाल्यामुळे चहासारखं तांबूस असतं. ही एवढीच धार मात्र मातीतून गाळून आलेली, पांढरी स्वच्छ. पन्हळीच्या काठाला नारिंगी बुळबुळीत थर होता. मी नाक मुरडलं तेव्हा लोरिमर हसला. ते मातीतलं लोखंड, त्याने काही होत नाही, म्हणाला. कुंपणाच्या किल्ल्या दोनच. एक त्याच्या शहरातल्या कचेरीत, दुसरी आल्फच्या पट्ट्याला.

निघताना त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, की पर्सी नाहीसा झाला तर प्रत पुन्हा खाली येईल, हे मला माहीत आहे ना? म्हणजे नगरपालिकेचा सांडव्याचा खर्च वाचेल. आणि वरच्या प्रतीच्या धरणाखाली पर्यटकांची घरं बांधायला परवानगी मिळत नाही. तीही मग मिळेल.

घरं बांधायची होती क्लाईव्ह बोडनला.

३

क्लाईव्ह माझ्या वर्गातला. शाळेत असताना त्याने माझ्या डब्यात बेडूक सोडला होता आणि तो मोठा होऊन जमीनमालक झाला एवढाच त्याच्यातला बदल. मी गेले तेव्हा तो मेंढ्यांना चारा टाकत होता. त्याने चारा टाकणं थांबवलं नाही.

रक्ताचं विचारलं तर मेंढी कापली होती म्हणाला. मग धुतलं का? बायको ओरडते म्हणून. भाडेकरूचं विचारलं तर त्याने गवताचा भारा खाली आपटला.

"नेरिडा, किती वेळा सांगू? मी ते घर कोणालाही दिलेलं नाही. तिथे कोणी राहत नाही. त्या लोरिमरला सांगितलं, नगरपालिकेत सांगितलं. सगळे माझ्याकडे बघून हसले, याला घरं बांधायचीत म्हणून हा बोलतो म्हणे."

"सगळ्या गावाने धूर पाहिलाय, क्लाईव्ह."

"मीही पाहिलाय की. सकाळी दिसतो. दुपारी जातो तर चूल गार. संध्याकाळी कधी दिवा बघितलास तिथे तू? या थंडीत कुठला माणूस सकाळी शेक घेतो आणि रात्री गारठत झोपतो? आणि तो निळा सदरा. भर पावसात दोरीवरच. कोणी काढत नाही, कोणी बदलत नाही."

"मग हुसकावून का नाही दिलंस त्याला?"

"कुणाला?" तो म्हणाला. "भेटायला तर हवा ना हुसकायला."

खोटं बोलणारा माणूस एवढं सोपं खोटं बोलत नाही, हे मला तेव्हाच उमगायला हवं होतं. पण मीही गावचीच. त्याला घरं बांधायची होती, त्याच्या गाडीत रक्त होतं आणि त्याच्या जमिनीवरचा माणूस नाहीसा झाला होता. शहरातले गुन्हे शाखेचे लोक सोमवारी येणार होते आणि ते क्लाईव्हला घेऊन जाणार हे उघड होतं. डॉटने त्याला गुत्त्यात पाणीसुद्धा द्यायचं बंद केलं. त्याच्या मुलीला शाळेच्या बसमध्ये कोणी शेजारी बसू देईना, हे मला त्याच्या बायकोने रडत सांगितलं.

राहता राहिला तो आल्फ. त्या घराच्या सगळ्यात जवळ रोज जाणारा माणूस तोच. त्याने काहीतरी पाहिलं असणार.

४

आल्फ टिलयार्ड धरण बांधायला आला तेव्हा मिसरूड फुटलेला मजूर होता, आणि धरण बांधून झालं तरी तो गेला नाही. निवृत्त झाला, पण या रानात राहायला दुसरा कोणी तयार होईना म्हणून राखणदारी त्याच्याकडेच राहिली. धरणाच्या कडेच्या छोट्या घरात तो आणि त्याची बायको बेरिल राहतात. धरणाला कोणी नाव ठेवलं तर आल्फला ते आपल्या मुलाला ठेवल्यासारखं लागे. म्हणून प्रत वर गेली, धरण धोक्याचं ठरलं, तेव्हा गावाला सगळ्यात जास्त कीव आली ती आल्फची.

बेरिल अप्पर टारवेलची, तळ्याखालच्या वस्तीतली. ज्याने धरणाची झडप बंद करून तिचं घर बुडवलं त्याच्याशीच तिने लग्न केलं, म्हणून गावाने तिला पूर्वी पुष्कळ चिडवलं होतं. आता चिडवण्यासारखं काही उरलं नव्हतं. दोन हिवाळे झाले, तिला काही आठवत नसे. कधी आल्फला ओळखे, कधी त्याला दाढी करायला आलेला न्हावी समजे.

आल्फने चहा केला. आमच्या गावच्या चहाला जंतुनाशकाचा वास येतो, त्याच्या चहाला कधीच येत नसे. चव हलकी, स्वच्छ. मी ते बोलून दाखवलं तर तो कसनुसा हसला. माझ्या कपाच्या आत कडेला पिवळसर नारिंगी रेघ बसलेली होती, घासूनही न गेलेली. म्हाताऱ्या माणसाच्या घरी असं चालायचंच, असं मनाशी म्हणून मी चहा संपवला.

पर्सीबद्दल त्याने काहीच सांगितलं नाही. कधी भेटला होता? नाही. काही ऐकलं? नाही. तो बोलत होता माझ्याशी आणि बघत होता खिडकीबाहेर, तळ्यातल्या धुराड्याकडे.

तेवढ्यात बेरिल उठली आणि कोट शोधू लागली. ऊन कलायला लागलं की तिचं हे सुरू होतं, आल्फ हळू आवाजात म्हणाला.

"मला घरी जायचंय," ती म्हणाली. "उशीर होतोय मला."

"हेच घर आहे गं, बेरिल."

"नाही हो. आमच्या घराला दगडाची पायरी आहे." ती माझ्याकडे वळली. "तू तरी सोडशील का मला, बाई? संध्याकाळच्या आत पोचायला हवं."

आल्फने तिचा हात धरून तिला बसवलं. त्याने किती वेळा असं बसवलं असेल कुणास ठाऊक. मला तिथून निघून जावंसं वाटलं. मी उठले, बोलायचं म्हणून बोलले, की पर्सी डून सापडला की कळवते.

बेरिलने झटकन मान वर केली.

"पर्सी?" ती म्हणाली. "पर्सी ओढ्यात गेला. मी कितीदा हाक मारली. अजून वर आला नाही तो."

आल्फच्या हातातली बशी खाली पडून फुटली.

५

ओढ्याचे डोह आम्ही बांबूंनी ढवळून काढले. दोघे तरुण दोर बांधून आत उतरले. गाव काठावर उभं राहिलं. एक मेलेली मेंढी आणि एक सायकल निघाली, पर्सी निघाला नाही.

सगळे गेल्यावर मी एकटीच पर्सीच्या घरी गेले. खरं म्हणजे मला क्लाईव्हचं बोलणं डाचत होतं. दिवा नाही, सदरा बदललेला नाही. मी पायरीवरचे बूट उचलले. जुने, झिजलेले होते, पण तळ कोरडे ठणठणीत. आठवडाभर त्या कुरणात गुडघाभर चिखल होता. मी कपाट उघडलं. पांघरूण एक, साबण नवा, दाढीचं सामान नाही.

तहान लागली म्हणून मी मागे गेले. धरणाखालच्या घरांना धरणाचं पाणी मिळत नाही. नळ सगळे डोंगराच्या पलीकडे. इथे छपरावरून पावसाचं पाणी टाकीत पडतं आणि त्यावरच भागवायचं. मी टाकीची तोटी सोडली. एक थेंब आला नाही. टाकीला लाथ मारली तर पाय आत गेला, पत्रा गंजून चाळण झालेला होता. त्या टाकीत वर्षानुवर्षं पाणी टिकलं नसणार.

मग हा माणूस पीत काय होता?

मी आत येऊन चुलीवरची किटली उचलली. पाणी अजून होतं तिच्यात. उजेडाला नेऊन ते मी काचेच्या पेल्यात ओतलं. ओढ्यातलं असतं तर तांबूस दिसलं असतं. गावातून कोणी आणलं असतं तर औषधाचा वास आला असता. पेल्यातलं पाणी पांढरं स्वच्छ होतं, त्याला कसलाही वास नव्हता. मी किटलीत बोट घालून तळ पुसला. बोटाला नारिंगी बुळबुळीत थर लागला.

असा थर मी त्या आठवड्यात दोन ठिकाणी पाहिला होता. एक कुलपाच्या आत, धरणाच्या पायथ्याशी, आणि दुसरा माझ्या स्वतःच्या चहाच्या कपात.

६

सकाळी मी कुंपणापाशी जाऊन थांबले. आल्फ आला, मला पाहून त्याने काही विचारलं नाही. पट्ट्याची किल्ली काढून कुलूप उघडलं, आत जाऊन धार बघितली, खांद्यावरचा डबा पन्हळीखाली धरला.

"रोज इथलंच नेता चहाला?" मी विचारलं.

"चाळीसच्या वर वर्षं झाली, पोरी. धरणाला घाम येतो तो गोड असतो, असं मी बेरिलला सांगायचो. दुसरं पाणी तोंडाला लागतच नाही आता."

"पर्सीच्याही लागत नसणार."

त्याने डबा खाली ठेवला.

मी सगळं ओळीने सांगितलं. घराची टाकी फुटलेली, तरी किटलीत पाणी. ते पाणी ओढ्याचं नाही, गावचं नाही, ते या पन्हळीतलं. इथली किल्ली दोघांकडे. लोरिमर सरावाच्या दिवशी पहाटेपासून माझ्याबरोबर होता, किटली मात्र कोमट होती. धूर सकाळीच का निघायचा? कारण राखणदार सकाळीच येतो. धार बघायची, डबा भरायचा, जाता जाता चूल पेटवायची, आणि सवयीने स्वतःसाठी चहा टाकायचा. दुसऱ्या कोणी हे नाटक केलं असतं तर किटली रिकामी राहिली असती.

"आम्ही सगळे विचारत होतो, की पर्सी नसण्यात कुणाचा फायदा," मी म्हटलं. "तो असण्यात कुणाचा, हे विचारलंच नाही कोणी. धरणाखाली एक माणूस राहायला आला की प्रत वर जाते. प्रत वर गेली की तळं खाली येतं. तळं खाली आलं की..."

"पायरी दिसते," आल्फ म्हणाला.

तो पन्हळीच्या कट्ट्यावर बसला. त्याला लपवायचं काही नव्हतं, उलट सांगायला मिळालं म्हणून बरंच वाटलं असावं. बेरिल रोज संध्याकाळी घरी जायचं म्हणते. बाकी सगळं विसरली, हे विसरत नाही. आपण तिचं घर बुडवलं आणि ती एवढी वर्षं एका शब्दाने बोलली नाही, ते सगळं आता बाहेर पडतंय, असं त्याला वाटायचं. झडप उघडून तळं उपसणं त्याच्या हातात होतं, पण विनाकारण पाणी सोडलं असतं तर दुसऱ्याच दिवशी बंद केलं असतं. कारण हवं होतं. एवढ्या वर्षांत इंजिनियरांच्या मागे फिरून त्याला एकच नियम पाठ झाला होता, खाली कोण राहतं ते बघायचं. म्हणून त्याने एक माणूस राहायला आणला.

"नाव सुचेना," तो म्हणाला. "बेरिलच्या कुत्र्याचं देऊन टाकलं. ओढ्यात डुंबायची खोड होती त्याला."

मला त्या परिस्थितीतही हसू आलं. डॉटने त्या कुत्र्याला उंची आणि वाकलेली पाठसुद्धा दिली होती.

"आणि सरावाच्या दिवशी?"

"शहरात डॉक्टरकडे गेलाय म्हणून सांगणार होतो. तुम्ही हाका मारायला लागलात आणि मला तोंडच उघडेना. पुढे सगळं गावच उतरलं कुरणात."

"क्लाईव्हला सोमवारी नेणार होते, आल्फ. त्याच्या पोरीला बसमध्ये कोणी शेजारी घेत नाही."

"सोमवारी मी स्वतः येणार होतो ठाण्यावर."

"सोमवारपर्यंत पायरी वर येते म्हणून?"

त्याने मान डोलावली. मला त्याचा राग आला आणि त्याच वेळी त्याच्या शेजारी बसून रडावंसंही वाटलं. मी दोन्ही केलं नाही. मी त्याला गाडीत बसवलं आणि लोरिमरकडे नेलं.

७

लोरिमर भडकला, आणि त्याचं भडकणं बरोबरच होतं. ही प्रतवारी माणसं वाचवायला आहे, तिच्याशी खेळलात तर उद्या खरंच कोणी खाली राहत असेल तेव्हा आमच्यावर कोण विश्वास ठेवील, असं तो म्हणाला. आल्फने टोपी, किल्ली आणि कामाचा बिल्ला टेबलावर ठेवला. खोटी माहिती दिल्याबद्दल त्याला कोर्टात उभं राहावं लागणार होतं. ते मीच लिहून पाठवलं.

क्लाईव्हला मी त्याच दिवशी सांगितलं, गुत्त्यात, सगळ्यांसमोर. त्याने आल्फला इतक्या शिव्या घातल्या, की डॉटने मधे पडून त्याच्यापुढे बिअर ठेवली. ती पिऊन झाल्यावर तो शेजारी बसलेल्या लोरिमरकडे वळला.

"मग झडप बंद करून तळं कधी भरणार?" त्याने विचारलं.

लोरिमर खिडकीबाहेर बघत म्हणाला, की हुकूम कचेरीतून निघावा लागतो आणि कचेरी आता सोमवारी उघडेल.

रविवारी दुपारी मी बेरिल आणि आल्फला गाडीत घालून तळ्यावर नेलं. क्लाईव्ह आमच्या आधी आला होता. त्याने कुंपणाच्या फळ्या आणून चिखलातून पार धुराड्यापर्यंत वाट घातली होती. आमच्याकडे न बघता तो शेवटची फळी पायाने दाबत राहिला. मग म्हणाला, की परत आणून द्या, नव्या आहेत, आणि पिकअपमध्ये बसून निघून गेला.

घर म्हणून काही उरलं नव्हतं. धुराडं, चुलीचा कोनाडा, आणि समोर दगडाची एक रुंद पायरी. ती त्या सकाळीच वर आली होती, तिच्या खालच्या अंगाला अजून पाणी लागत होतं. बेरिल फळ्यांवरून माझा हात धरून चालली. पायरीशी पोचली तशी तिने माझा हात सोडला. बसली. बूट काढले, आणि बाजूला चिखलात दोन मोडक्या काटक्या रोवून त्यांवर उलटे ठेवले.

आल्फ मागेच थांबला होता, बोडका, हात कुठे ठेवावेत ते न कळून. त्याला तिच्या तोंडून काय ऐकायला लागणार याची तो वाट बघत असावा. एवढ्या वर्षांचं.

बेरिलने मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "तो आला का?"

"कोण?"

"धरणावरचा पोरगा. रोज येतो संध्याकाळी. पाणी कधी येणार ते सांगायला पाठवतात म्हणे त्याला." ती हसली. सगळा चेहरा हसला. "एकच गोष्ट किती वेळा सांगायची असते? बाबा रागावतात. पण मी बसते इथे. म्हणून तर मला वेळेवर घरी पोचायचं असतं, बाई. तो येईल आणि मी नसेन."

मी आल्फकडे बघितलं. त्याने ऐकलं होतं. तो जागच्या जागी तसाच उभा होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

मग त्याने बाहीने तोंड पुसलं. केसांवरून हात फिरवला. फळ्या सोडून तो चिखलात उतरला आणि वळसा घालून समोरून आला. तिथे पूर्वी फाटक असणार, कारण तो नेमका एका जागी थांबला आणि काहीच नव्हतं तिथे हात ठेवून उभा राहिला.

"बेरिल," त्याने हाक मारली. "आहेस का घरात?"

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि पायरीवर थोडी बाजूला सरकली.

"उशीर केलास," ती म्हणाली.